दिवा गावाचा, बिल गावाचं, मग निधी कुणाच्या हातात? कपातीपुढे ग्रामपंचायतींचा आवाज मुंबईपर्यंत का पोचत नाही

गावातल्या खांबावरचा दिवा रात्री लागतो की नाही, यावरून सरपंचाची किंमत ठरते. मुंबईतल्या मंत्रालयात कुठलं लेखाशीर्ष कमी झालं, कुठल्या निधीला अट लागली, याचं गावातल्या माणसाला काही देणंघेणं नसतं. दिवा गेला की तो सरळ सरपंचाच्या दारात येतो. आणि सरपंचाकडे सांगायला एकच गोष्ट असते, की वरून पैसा आला नाही.

हे खरंही असतं आणि अर्धवटही असतं. वरून पैसा का आला नाही, कुणी अडवला, त्यासाठी कुणी भांडायचं होतं आणि तो भांडला का नाही, हे कुणी सांगत नाही. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती, ३५१ पंचायत समित्या आणि ३४ जिल्हा परिषदा आहेत. एवढी मोठी फौज असताना गावाच्या सोयींच्या पैशाला कात्री लागते आणि ओरड होते ती फक्त तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. असं का होतं, हे बघायचं तर सुरुवात दिव्यापासूनच करावी लागेल.

२०२१ मध्ये महावितरणने थकबाकीसाठी गावोगावचे पथदिवे आणि पाणीपुरवठ्याचे कनेक्शन तोडायला सुरुवात केली. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती, लोकांच्या हाताला काम नव्हतं, ग्रामपंचायतीची वसुली ठप्प होती. तोपर्यंत पथदिव्यांच्या बिलाचा भार शासन जिल्हा परिषदेमार्फत उचलत आलं होतं, त्यामुळे बहुतेक ग्रामपंचायतींनी ते बिल आपलं म्हणून कधी धरलंच नव्हतं. बिल यायचं, फाइलला लागायचं, व्याज चढायचं. अंधार झाल्यावर सरपंचांच्या संघटना रस्त्यावर आल्या. त्यावर तोडगा निघाला तो असा, की ग्रामपंचायतींनी ही बिलं १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत. म्हणजे शासनाने आपल्या खांद्यावरचं ओझं काढून केंद्राकडून गावाला आलेल्या पैशावर ठेवलं. बजेटात कपात असा शब्दही कुठं आला नाही, पण गावाच्या हातातला पैसा मात्र तेवढा कमी झाला. खेड्यापाड्यातल्या सोयींवरची कपात बहुतेक वेळा अशीच येते. पैसा थेट कमी करत नाहीत, एक नवीन खर्च तुमच्या पैशात घालतात.

आता हा पैसा किती, ते बघू. १५ व्या वित्त आयोगाचा महाराष्ट्रातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांचा २०२१-२२ चा वाटा होता ४,३०७ कोटी रुपये. आकडा मोठा वाटतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची ग्रामीण लोकसंख्या ६ कोटी १५ लाखांच्या वर. भागाकार केला तर माणशी वर्षाला साधारण ७०० रुपये पडतात. त्यातला ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला, १० टक्के जिल्हा परिषदेला. म्हणजे ग्रामपंचायतीच्या वाट्याला माणशी ५६० रुपये.

दीड हजार वस्तीचं एक गाव धरा. ढोबळ हिशेबाने वर्षाला ८ लाख ४० हजार रुपये. त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च करायचे. उरले ४० टक्के, अबंधित, ३ लाख ३६ हजार. गावाला खऱ्या अर्थाने आपल्या मनाने खर्च करता येतो तो एवढाच. ग्रामपंचायतीत आपले सरकार सेवा केंद्र असतं, तिथल्या संगणक परिचालकासाठी महिन्याला बारा हजारांवर रक्कम द्यावी लागते. गावाचं स्वतंत्र केंद्र असेल तर वर्षाचे जवळपास दीड लाख तिथंच गेले. (त्यातले परिचालकाच्या हातात किती पडतात, हा वेगळा विषय. परिचालकही त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलन करतायत.) राहिले एक लाख ऐंशी-पंच्याऐंशी हजार. महिन्याला साडेपंधरा हजार रुपये, माणशी दहा रुपये.

या दहा रुपयांत पथदिव्याचं बिल, अंगणवाडीच्या पत्र्याची गळती, शाळेची कंपाउंड भिंत, स्मशानभूमीकडचा रस्ता, पावसाळ्यात वाहून गेलेला नळकांडी पूल. कुठल्याही सरपंचाला विचारा, तो आधी हसतो आणि मग कॅल्क्युलेटर काढतो.

अधिकाऱ्यांची बाजूही ऐकायला पाहिजे. ग्रामपंचायत अधिनियमाने गावाला घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर बसवायचा अधिकार दिला आहे. तो वसूल कोण करतं? निवडणुकीला उभं राहायचं असेल, नमुना आठचा उतारा पाहिजे असेल, घरकुलाचा हप्ता अडला असेल, तेव्हाच घरपट्टीची आठवण होते. सरपंचाला पाच वर्षांनी परत मतं मागायची असतात, मग भावकीतल्या माणसाकडे पट्टी मागायची कुणी? कित्येक गावांत घरांची आकारणीच जुनी. दोन मजली आरसीसी बंगला झाला तरी रजिस्टरला मातीचं घर. शिवाय वित्त आयोगाचा पैसा खात्यात पडून राहतो, आराखडा वेळेत अपलोड होत नाही, सरपंच आणि ग्रामसेवकाचं पटत नाही म्हणून डोंगल लागत नाही, असं पंचायत समितीत नेहमी ऐकायला मिळतं. यातलं काही खोटं नाही.

पण यावरून निधी कमी करायचा, हा न्याय काही पटणारा नाही. ज्या गावातले निम्मे लोक ऊसतोडीला सहा महिने बाहेर असतात, ज्या गावात सोयाबीन हमीभावाखाली विकलं जातं, तिथं शंभर टक्के वसुली होणार कशी? ग्रामपंचायत कर्मचाऱ्याच्या किमान वेतनातला शासनाचा हिस्सासुद्धा वसुलीच्या टक्क्याशी जोडला. म्हणजे गावाने पट्टी भरली नाही की पाणी सोडणाऱ्या शिपायाचा पगार कापला जातो. पट्टी थकवणारा वेगळा आणि उपाशी राहणारा वेगळा. कर्मचारी संघटना ही अट काढा म्हणून किती वर्षं मागे लागल्यात.

तिजोरीत खडखडाट, पण कुणासाठी?

कपात का होते, याचं उत्तर राज्याच्या बजेटात आहे. १० मार्च २०२५ ला अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांचा. त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटी, राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींवर आणि राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात. 'लाडकी बहीण'साठी ३६ हजार कोटी ठेवले. विधानसभेच्या निवडणुकीआधी, जुलै २०२४ पासून सुरू झालेली ही योजना. गावातल्या बाईच्या खात्यात १५०० रुपये येतात, त्यातून दवाखाना होतो, पोरांच्या वह्या येतात, किराण्याची उधारी फिटते. त्याला नावं ठेवणाऱ्याने आधी त्या बाईसमोर बसून बोलावं. प्रश्न योजनेचा नाही. प्रश्न हा आहे, की एवढा मोठा खर्च उभा करताना दुसरीकडची कुठली झाकणं उघडली.

मे २०२५ मध्ये याच योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी वळवल्याची बातमी आली, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्याला आपल्या खात्याचा पैसा वाचवता आला नाही, तिथं सरपंचाची काय कथा. त्याआधी एप्रिलमध्ये एक रुपयात पीकविमा बंद झाला आणि खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकाला पाच टक्के हप्ता पुन्हा शेतकऱ्याच्या डोक्यावर आला. बोगस अर्ज खूप झाले, हे कारण दिलं गेलं आणि ते खरंही होतं. पण बोगस अर्ज करणारा सुटला, हप्ता मात्र सगळ्यांना बसला.

या सगळ्यात जास्त लागलं ते एका लहान रकमेचं. शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला होता, अंडं न खाणाऱ्याला केळी. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा वेगळा निधी बंद केला. वर्षाचा खर्च साधारण ५० कोटी. सात लाख कोटींच्या बजेटात ५० कोटी म्हणजे पोत्यातला दाणा. शाळांना सांगितलं गेलं, की अंडी द्यायचीच असतील तर लोकसहभागातून द्या. आता लोकसहभाग म्हणजे कोण? ज्याचं पोरगं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातं तोच. ज्याची ऐपत आहे त्याची पोरं कधीच पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला गेली. म्हणजे मजुरी करणाऱ्याने आपल्याच पोराच्या अंड्यासाठी वर्गणी काढायची. काही गावांत वाढदिवसाला, दशक्रियेला अंडी-केळी देतात, चांगलं आहे. पण तो शासनाच्या जबाबदारीचा पर्याय होऊ शकत नाही. या निर्णयावर किती ग्रामसभांनी ठराव घेतले? चर्चा झाली ती शहरातल्या वर्तमानपत्रांत, आहार हक्कवाल्या संस्थांत. ज्या गावच्या शाळेतलं अंडं गेलं तिथं ग्रामसभेचा कोरमच भरत नाही.

मधली जागा रिकामी

ग्रामपंचायत एकटी मुंबईशी भांडू शकत नाही. त्यासाठी मधे जिल्हा परिषद होती. गटाचा सदस्य सर्वसाधारण सभेत उभा राहायचा, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला जाब विचारायचा, स्थायी समितीत ठराव करून शासनाला पाठवायचा. त्यातले निम्मे सदस्य टक्केवारीतच गुंतलेले असायचे, असं लोक म्हणतील. म्हणू द्या. पण उरलेले निम्मे होते ना. आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, म्हणून सभागृहात ओरडणारा माणूस होता. सेस फंडातून ताडपत्री, फवारणी पंप, शिलाई मशीन, मुलींना सायकली मिळायच्या, त्यासाठी लाभार्थ्याची यादी घेऊन भांडणारा माणूस होता.

मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, प्रभागरचनेचा वाद कोर्टात, निवडणुका लांबल्या त्या लांबल्याच. नंतर उरलेल्यांचीही मुदत संपली आणि २०२५ मध्ये ३४ पैकी ३२ जिल्हा परिषदा आणि ३३६ पंचायत समित्यांच्या निवडणुका बाकी होत्या. लोकनियुक्त कारभार राहिला तो फक्त भंडारा आणि गोंदियात. बाकी सगळीकडे प्रशासक. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. तेवढ्यात झाल्या नाहीत, म्हणून सप्टेंबरमध्ये मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली.

प्रशासक म्हणजे शासनाचा अधिकारी. तो शासनाच्या कपातीविरुद्ध शासनाकडे कसा भांडणार? त्याची बदली, बढती, गोपनीय अहवाल सगळं तिकडेच. एखादा अधिकारी कितीही चांगला असला, रात्री दहापर्यंत ऑफिसात बसणारा असला, तरी तो निषेधाचा ठराव करणार नाही. त्यामुळे तीन-साडेतीन वर्षांत राज्यातल्या ग्रामीण भागाकडून शासनाविरुद्ध एक अधिकृत आवाज निघालेला नाही. निवेदनं निघाली, मोर्चे निघाले. पण निवेदन वेगळं आणि सभागृहाचा ठराव वेगळा. निवेदनाला पोच मिळते, ठरावाला उत्तर द्यावं लागतं.

आणि नुसता आवाज गेला नाही, पैसाही गेला. वित्त आयोगाची अटच आहे, की निवडून आलेली संस्था असेल तरच तिचं अनुदान. प्रशासक बसला की जिल्हा परिषदेचा दहा टक्के आणि पंचायत समितीचा दहा टक्के अडकला. २०२१-२२ चाच आकडा धरून हिशेब केला तर हे दोन्ही वाटे मिळून वर्षाला ८६० कोटी होतात. सगळ्या राज्याचा आकडा आहे, जिल्ह्यांची मुदत वेगवेगळ्या वेळी संपली हे खरं, पण अंदाज यायला पुरेसा आहे. निवडणूक लांबवली ती सरकारांनी आणि कोर्टकचेऱ्यांनी, दंड भरला गावांनी. पंचायत समितीच्या वाट्यातून दोन गावांना जोडणारी कामं व्हायची, एखादी मोठी पाण्याची लाइन व्हायची, ती राहिली.

तिसरी जागा जिल्हा नियोजन समितीची. घटनेच्या २४३-झेडडी कलमाप्रमाणे या समितीत किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून निवडायचे. कल्पना चांगली होती, की जिल्ह्याचा पैसा जिल्ह्यातल्या खालच्या लोकांनी ठरवावा. पण निवडून आलेलेच नाहीत म्हटल्यावर त्या खुर्च्यांवर बसणार कोण? मग पालकमंत्री, आमदार, खासदार आणि जिल्हाधिकारी. जनसुविधेची कामं, म्हणजे स्मशानभूमी, ग्रामपंचायत कार्यालय, ही याच समितीकडून येतात. कुठल्या गावाला द्यायची, हे कुणाकडे जाऊन विचारायचं, ते प्रत्येक सरपंचाला पाठ झालंय.

इथं आमदारांचाही विचार करावा लागतो. ग्रामपंचायतीचा स्वतःचा निधी आटला तरी आमदाराच्या शिफारशीने येणारी २५१५ ची कामं सुरूच राहतात. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, वर नावाची पाटी. गावाला पाण्याच्या मोटरीचं बिल भरायला पैसे नाहीत आणि चौकात नवा हायमास्ट उभा राहतो, त्याचं बिल पुन्हा ग्रामपंचायतीला. गावाचा हक्काचा पैसा वाढला तर आमदाराच्या दारात कोण जाईल? त्यामुळे ग्रामपंचायतीचा अबंधित निधी वाढवा म्हणून विधानसभेत जीव तोडून भांडणारा आमदार सापडणं अवघड. पक्ष कुठलाही असो.

आझाद मैदानातून काय मिळालं

मग सरपंचांनी काहीच केलं नाही का? केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये सरपंच, ग्रामसेवक, संगणक परिचालक, रोजगारसेवक, ग्रामपंचायत कर्मचारी सगळे एकत्र आले, ग्रामपंचायती बंद ठेवल्या, आझाद मैदानावर गर्दी केली. एवढ्या वेगवेगळ्या लोकांनी एकत्र येणं सोपं नव्हतं, कारण गावात यांचं एकमेकांशी फारसं जमत नाही. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. २३ सप्टेंबरला मंत्रिमंडळाने निर्णय केला. सरपंच-उपसरपंचांचं मानधन दुप्पट. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावच्या सरपंचाला तीनचे सहा हजार, आठ हजारांपर्यंत चारचे आठ, त्यापुढे पाचचे दहा. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एक करून ग्रामपंचायत अधिकारी असं नाव दिलं.

मानधन वाढायलाच पाहिजे होतं. तीन हजारांत तालुक्याच्या चकराही निघत नाहीत, दुचाकीचं पेट्रोल, चहापाणी, झेरॉक्स सगळं खिशातून. पण हे आंदोलन बारकाईने बघितलं तर एक गोष्ट खटकते. माणसांच्या मागण्या पुढे सरकल्या, गावाच्या मागण्या मागे राहिल्या. पथदिव्याचं बिल शासनाने भरावं, कर्मचाऱ्यांच्या वसुलीची अट काढावी, परिचालकाचा खर्च वित्त आयोगातून नको, या मागण्यांवर तेवढ्या वेगाने काही हललं नाही. सरकारला मानधन वाढवणं परवडतं. आकडा ठरलेला असतो, जाहिरात करता येते. गावाला हक्काचा निधी देणं परवडत नाही, कारण तो एकदा दिला की परत काढून घेता येत नाही. संघटनांनीही मानधन हाती आल्यावर बाकीच्या मागण्या तेवढ्या ताणल्या नाहीत, हे बोलायला पाहिजे.

इतर काही राज्यांतही वेगळं नाही. आंध्र प्रदेशात ग्रामपंचायतींच्या वित्त आयोगाच्या निधीतून वीज कंपन्यांची थकबाकी परस्पर वळती केली म्हणून तिथले सरपंच दिल्लीपर्यंत गेले होते. तेलंगणात फेब्रुवारी २०२४ च्या सुरुवातीला सरपंचांची मुदत संपली, निवडणूक लांबली, केंद्राचं अनुदान अडकलं आणि पदरमोड करून कामं केलेले माजी सरपंच बिलासाठी फिरत राहिले. देगलूर, बिलोली, किनवटच्या सीमेवरच्या गावांत हे किस्से सगळ्यांना माहीत आहेत.

वेगळं आहे ते केरळमध्ये. १९९६ मध्ये तिथं जनयोजना सुरू झाली आणि राज्याच्या योजना खर्चातला तिसऱ्या हिश्श्याच्या वर पैसा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठल्या पंचायतीला किती, हे राज्याच्या बजेटच्या एका स्वतंत्र पुरवणीत छापलं जातं. चौथी पुरवणी म्हणतात तिला. पंचायतीचं नाव आणि समोर रक्कम. तिथंही पैसा उशिरा येतो, कपात होते, भांडणं होतात. पण कपात झाली की किती झाली, हे पंचायतीला दाखवता येतं. आपल्याकडे यंदा गावाला राज्याकडून किती येणार होते, हेच सरपंचाला माहीत नसतं, मग किती कमी आले ते कसं सांगणार? आपल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण घटनेचं २४३-जी कलम राज्याला ते पंचायतीला 'देता येतील' असं सांगतं, 'द्यावेत' असं नाही. सगळी गोम या एका शब्दात आहे. विषय गावाकडे आले, पैसा आणि माणसं बऱ्यापैकी मुंबईतच राहिली.

त्यामुळे ग्रामपंचायतींच्या हातात लढायचं हत्यार म्हणून उरतो तो आकडा. सध्या तालुक्याला जाणारं निवेदन असं असतं: आमच्या गावाला निधी मिळत नाही तरी तो मिळावा ही नम्र विनंती. खाली पंधरा सह्या, गटविकास अधिकाऱ्याला देताना फोटो, संध्याकाळी स्टेटस. त्या निवेदनाचं पुढे काही होत नाही, कारण त्यात नाही म्हणण्यासारखं काही नसतं. याऐवजी गावाने चार वर्षांचा जमाखर्च काढला, पथदिव्याचं बिल अबंधित निधीच्या किती टक्के खातं, ते मांडलं, शाळेतलं अंडं बंद झाल्यावर लोकवर्गणीतून किती उभं राहिलं आणि किती आठवडे पोरांना मिळालं नाही, ते लिहिलं आणि ग्रामसभेत ठराव करून आमदाराला दिलं, तर त्यावर विधानसभेत प्रश्न विचारता येतो. तालुक्यातल्या सत्तर-ऐंशी गावांनी एकाच नमुन्यात हा हिशेब दिला तर आमदाराला तो टाळता येणार नाही. हे काम ग्रामसेवकाला दोन दिवसांचं आहे. सगळे आकडे रजिस्टरला आणि ई-ग्रामस्वराजवर असतातच.

वेळ मात्र थोडा आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची एकाच वेळी निवडणूक झाली होती. त्यांची पाच वर्षं २०२६ च्या सुरुवातीला भरतात. निवडणूक वेळेवर झाली नाही तर तिथंही प्रशासक येणार. २०२० मध्ये कोरोनामुळे हे एकदा होऊन गेलंय. तेव्हा पालकमंत्र्याच्या सल्ल्याने गावातलाच माणूस प्रशासक नेमायचा घाट घातला होता, मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि सरकारी माणूसच नेमा असं सांगितलं गेलं. तेव्हा ते काही महिन्यांत निभावलं. यावेळी जिल्हा परिषदेसारखं लांबलं तर ८० टक्क्यांचा वाटाही त्याच अटीत अडकेल, आणि त्यात राज्यातल्या निम्म्या ग्रामपंचायती असतील.

दुसरीकडे १५ व्या वित्त आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते आणि १ एप्रिलपासून १६ व्या आयोगाचा काळ सुरू होतो. त्याच मार्चमध्ये राज्याचा नवा अर्थसंकल्प येईल. पथदिव्याचं बिल आणि परिचालकाचा खर्च नव्या आयोगाच्या पैशातही तसाच घातला जाणार का, हे तेव्हा ठरेल. एकदा शासन निर्णय निघाला की पुढची पाच वर्षं तोच. २६ जानेवारीची ग्रामसभा त्याआधीची शेवटची ठरलेली ग्रामसभा आहे. तिची नोटीस सात दिवस आधी लागते, विषयपत्रिकेत हा विषय घालायचा असेल तर ग्रामपंचायतीत अर्ज त्याच्याही आधी द्यावा लागेल.